आधी लाकूड, मग इंजिन

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आयटीआयला डिझेल मेकॅनिक झालास, इंजिन उघडून परत जोडता येतं, मग आता लाकडी होडीचं काम शिकण्यात दोन वर्षं कशाला घालवायची, असं विचारलंयस. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उभं राहिलं की फायबरच्याच होड्या जास्त दिसतात, तेव्हा तुझी शंका रास्त आहे. तरी मी म्हणेन, शिक.

तरुणपणी एका लाकडी होडीचं इंजिन मी किनाऱ्यावरच शाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, रेषेत आणलं, दोघांना जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट आवळले आणि होडी पाण्यात लोटली. पहिल्याच फेरीत शाफ्ट थडथडायला लागला. शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी ग्लँड हात लावता येईना इतकी तापली. इंजिन चांगलं होतं, चूक माझी होती. टेकूंवर उभी असलेली होडी आणि पाण्यावर तरंगणारी होडी यांचा आकार एक नसतो. त्यात लाकूड पाणी पितं, फळ्या फुगतात, सांधे आवळतात, सांगाडा किंचित सरकतो. तेव्हापासून मी होडी आधी चार दिवस तरंगू देतो. मग बोल्ट सोडायचे आणि कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पट्टी, घालून वर, खाली, दोन्ही बाजूंना फट मोजायची. चार इंची कपलिंगला चार थाऊपेक्षा, म्हणजे एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू द्यायचा नाही. गेज कसं धरायचं ते तुला आयटीआयत शिकवलंय. होडी सरकते कुठे आणि का, ते सुताराशेजारी बसल्याशिवाय कळणार नाही.

झिंकचंही, म्हणजे जस्ताचंही, तेच. खाऱ्या पाण्यात पितळ आणि लोखंड जोडीनं राहिलं की लोखंड खाल्लं जातं, म्हणून आपण झिंकचा तुकडा लावतो, तो आधी झिजतो. पण 'जास्त लावलं तर जास्त चांगलं' हे लाकडी होडीत चालत नाही. गरजेपेक्षा जास्त झिंक लावलं तर वाचवलेल्या बोल्टभोवती अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ, तयार होतो आणि तिथलं लाकूड पांढरट, मऊ पडतं. धातू शाबूत, लाकूड गेलेलं! असा बोल्ट मी हातानं ओढून काढलाय.

सुतारकामात पहिले काही महिने पटाशीला धार लावण्यातच जातील. कंटाळू नकोस. बाभळीचं वाकडं खोड टाकून देऊ नये, हे तेव्हाच समजेल. वाकाच्या दिशेनं रेषा धावणाऱ्या लाकडाची होडीची बरगडी (आतली वाकडी आधाराची फासळी) टिकते, सरळ फळीतून कापलेली रेषेवर चिरते. फळ्यांमधल्या फटीत पाणी अडवायला कापसाची वळी ठोकताना हातोडीच्या आवाजाकडे कान ठेव. फार घट्ट ठोकलीस तर फळी फुगल्यावर खिळे ओढले जातात, सैल राहिली तर वळी निघून येते. हा आवाज मला कागदावर लिहिता येत नाही, त्यासाठी तुला माझ्याजवळच बसावं लागेल.

ही विद्या संपलेली नाही. नौदलाची शिडाची होडी 'म्हादेई' गोव्यात दिवाडीच्या यार्डात लाकूड आणि इपॉक्सीत बांधली. 2009-10 मध्ये नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे तिच्यावरून एकट्यानं पृथ्वीला फेरी मारून आले. 'कौंडिण्य' हे काथ्यानं शिवलेलं जहाज मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. केरळच्या कारागिरांच्या हातात ते शिवण अजून होतं, म्हणून ते उभं राहू शकलं.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत इंजिनाच्या होड्यांना मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या असतात, दुरुस्ती तेव्हाच निघते आणि दुरुस्तीत जुनी होडी आतून बघायला मिळते. नवीन बांधणीपेक्षा मी तुला आधी तिथेच बसवणार. मे संपायच्या आत ये. फिलर गेज तुझं आण, पटाशी मी देतो.