निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधला प्लॉट घ्यावा का?

पूररेषा म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते नकाशावर दाखवणारी रेषा; निळी नदीकडची, लाल तिच्या बाहेरची. तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरजवळचा प्लॉट निळ्या रेषेच्या बाहेर पण लाल रेषेच्या आत आहे, भाव बराच कमी आहे, आणि एजंट म्हणतो, "लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. तो २०१९ ला येऊन गेला. आता नातवंडांपर्यंत काळजी नाही." आधी या एजंटच्या वाक्याचं बघू. याच वाक्यावर विसंबून लोकांनी जन्माची कमाई पाण्यात घातली आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ फूट आहे. पुढच्या दोनच वर्षांत, जुलै २०२१ मध्ये, ती पुन्हा ५६ फुटांपर्यंत आली. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट. तिथे २००५ ला ५३ च्या वर, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला ५४ च्या वर. सोळा वर्षांत तीन मोठे पूर. शंभर वर्षांचा पूर याचा अर्थ इतकाच की दर पावसाळ्यात तेवढं पाणी येण्याची शक्यता शंभरात एक आहे. मागच्या वर्षी काय झालं याच्याशी पुढच्या वर्षाचा काही संबंध नाही. तीस वर्षांचं गृहकर्ज काढलंत तर फेडून होईपर्यंत लाल रेषेइतकं पाणी किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के निघते. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांच्या पुराची. तिच्यासाठी हाच हिशेब ७१ टक्क्यांवर जातो. लाल रेषेच्या जितकं आत जाल तितकी तुमच्या जमिनीवर पाणी येण्याची शक्यता २६ वरून ७१ कडे सरकते. एजंटने हे आकडे सांगितले नसतील.

आता मुद्द्याचं. रेषा नकाशावर कुठून जाते हे सगळे विचारतात. रेषेची पातळी किती, हे फारसं कुणी विचारत नाही. घराला उपयोगी पडणारा आकडा तोच: तुमच्या प्लॉटसमोर लाल रेषेचं पाणी समुद्रसपाटीपासून किती मीटरवर येतं, आणि तुमचं जोतं किती मीटरवर आहे. अमेरिकेत घर घेताना 'बेस फ्लड एलिव्हेशन' हा आकडा विम्याच्या आणि परवानगीच्या कागदांत येतो. आपल्याकडेही तो जलसंपदा विभागाकडे असतो, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

तो असा मागा. जलसंपदा विभागाच्या संबंधित पाटबंधारे कार्यालयात गट नंबर, गाव नकाशाचा उतारा आणि सातबारा जोडून अर्ज करा. अर्जात "माझी जमीन पूररेषेत येते का" असं विचारू नका. त्याचं उत्तर हो किंवा नाही इतकंच येईल. "गटाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या जवळच्या नदीछेदांवर निळ्या व लाल रेषेची पातळी मीटरमध्ये किती, पाहणी कोणत्या सालची आणि कोणता बेंचमार्क धरला" असं लिहा. नदीछेद म्हणजे नदीला आडवं कापून जिथे मोजणी झाली ते ठिकाण, आणि बेंचमार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेली पक्की खूण. टाळाटाळ झाली तर तोच मजकूर माहिती अधिकारात टाका. नगररचना विभागाचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा वेगळा घ्या. त्यावर रेषा दिसते, पातळी दिसत नाही.

पातळी हातात आल्यावर गणित शाळेतलं आहे. समजा, वरच्या छेदावर लाल पातळी ५४६.८० मीटर, पाचशे मीटर खालच्या छेदावर ५४६.५०, आणि तुमचा प्लॉट वरच्या छेदापासून दोनशे मीटरवर. पाचशे मीटरला तीस सेंटीमीटर उतार, म्हणजे दोनशेला बारा. तुमच्यासमोर लाल पातळी ५४६.६८. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल पातळीच्या ०.४५ मीटर वर हवं, म्हणजे ५४७.१३. जमीन ५४५.३० वर असेल तर जोत्याची उंची १.८३ मीटर, सहा फूट. प्लॉटचा भाव कमी का आहे ते इथे कळतं. सहा फुटी जोत्याचा, वाढीव कॉलमांचा, दहा-बारा पायऱ्यांचा खर्च किमतीत मिळवा आणि मग पट्ट्याबाहेरच्या प्लॉटशी तुलना करा. बऱ्याचदा 'स्वस्त' प्लॉट महाग पडतो.

बंधाऱ्यावरचं रोजचं माप थेट प्लॉटला लावू नका. पाण्याचा पृष्ठभाग नदीबरोबर उतरत जातो, त्यामुळे बंधाऱ्याच्या वरच्या गावात त्याच दिवशी पातळी जास्त असते. शिवाय कृष्णा फुगलेली असली की नृसिंहवाडीच्या संगमाकडून पंचगंगेचं पाणी तुंबतं आणि उतार आणखी सपाट होतो. म्हणून छेदावरचीच पातळी घ्या.

यात घोटाळा कसा होतो, त्याचं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण या एका गोष्टीवरून ठेकेदारांशी आणि काही आर्किटेक्टांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. कोल्हापूरच्या बाहेरचा एक बंगला, दोन रेषांच्या मधला. नकाशावर जोत्याची पातळी १००.९० लिहिलेली. ठेकेदाराचं म्हणणं, "रस्त्यापासून तीन फूट वर घेतलंय, पूर येणारच नाही." हे १०० कुठून आलं? रस्त्याच्या मध्यावर टीबीएम, म्हणजे साइटपुरता तात्पुरता बेंचमार्क धरला आणि त्याला मनानेच १००.००० म्हटलं. साइटवर काम करायला ही पद्धत चालते. पुरासाठी ती बिनकामाची, कारण नदीला तुमचे शंभर ठाऊक नाहीत. घरमालकाच्या फायलीत लाल पातळी ५४६.७० लिहिलेला कागद होता, आर्किटेक्टच्या फायलीत १००.९०, आणि दोन्ही आकडे एका कागदावर कुणी मांडलेच नाहीत. ऑटो लेव्हलने, म्हणजे उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीने, सरकारी बेंचमार्कवरून पातळी आणल्यावर त्या रस्त्याचे १०० म्हणजे प्रत्यक्षात ५४४.७० निघाले. जोतं ५४५.६० वर. लाल रेषेच्या १.१० मीटर खाली, आणि नियमापेक्षा १.५५ मीटर कमी. घर बांधून झालं होतं, जोतं वर सरकवता येत नव्हतं.

'रस्त्यापासून' मोजण्यातला दुसरा घोटाळा पुढे उघड झाला. रस्ता काँक्रीटचा करताना जुनं डांबर न उकरता त्यावरच थर टाकला आणि रस्ता चाळीस सेंटीमीटर उंच झाला. ठेकेदाराचे तीन फूट आता जेमतेम पावणेदोन फूट उरले. नदी पात्रात असतानाही जोराच्या सरीत रस्त्याचं पाणी फाटकातून आत येतं. रस्त्याची उंची बदलते, समुद्रसपाटीपासूनची पातळी बदलत नाही. इतकी साधी गोष्ट काम करणाऱ्याने का मानू नये, हे मला आजही कळलेलं नाही.

पातळी आणताना काय चुकतं तेही सांगतो. मोबाईलच्या अ‍ॅपवरची उंची विसरा, ती काही मीटरने चुकते. उपग्रहांवरून मोजणारं डीजीपीएस यंत्र जी कच्ची उंची देतं ती समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्या भागात दोन्हींत साठ मीटरहून जास्त फरक आहे. एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते. फसवतो तो कच्च्या उंचीवरून समुद्रसपाटीची उंची काढायची दुरुस्ती (जिओइडची) केल्यावरही उरणारा वीत-दीड वीत फरक. म्हणून शेवटची पातळी सरकारी बेंचमार्कवरून लेव्हलनेच आणायला सांगा आणि सर्व्हेअरला परत त्याच बेंचमार्कवर येऊन फेरा बंद करायला लावा. किलोमीटरभराच्या फेऱ्यात दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त चूक निघाली तर काम परत करून घ्या. लेव्हल बुकाची प्रत मागा, नुसता आकडा घेऊ नका. आणि आजूबाजूच्या जुन्या भिंतींवर २०१९ आणि २०२१ च्या गाळाच्या खुणा असतील तर त्यांचीही पातळी त्याच फेऱ्यात घ्या. खूण लाल पातळीच्या वर निघाली तर खुणेवर विश्वास ठेवा आणि जोतं तिच्या वर घ्या.

"भराव टाकून प्लॉट उचलू" हा सल्ला तुम्हाला मिळेलच. माझा त्याला ठाम विरोध आहे. भरावाने पुराला पसरायची जागा कमी होते आणि तुमचं पाणी शेजाऱ्याकडे जातं. काळ्या मातीवर सहा फूट मुरूम ओतला की तो स्वतःही खचतो आणि खालच्या मातीलाही दाबतो. वीस-बावीस सेंटीमीटरच्या थरांत पाणी मारून रोलर फिरवलेला भराव क्वचितच बघायला मिळतो; बाकी सगळीकडे डंपर रिकामे करून वरून जेसीबी फिरवलेला असतो. दोन पावसाळ्यांत फरशी बसते, ड्रेनेजचा पाइप तुटतो. त्यापेक्षा पाया खालच्या टणक मुरुमापर्यंत न्या, घर कॉलमवर उचला, खाली गाडी लावा आणि पाणी वाहू द्या.

खालची जागा बंदिस्त करायचीच असेल तर भिंतींना भोकं ठेवा. एका बाजूला चार फूट पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं, अशी विटांची भिंत पडते. अमेरिकेतला नियम इथे उचलण्यासारखा आहे: बंदिस्त जागेच्या दर चौरस फुटाला एक चौरस इंच उघडं, किमान दोन भोकं, त्यांचा तळ जमिनीपासून फुटाच्या आत. तीनशे चौरस फुटांच्या पार्किंगला तीनशे चौरस इंच. कंपाउंडच्या भिंतीलाही खाली झरोके ठेवा.

विजेचा मीटर, मेन स्विच, इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर हे सगळं जोत्याच्याही वर. सेप्टिक टँककडे जाणाऱ्या पाइपावर एकतर्फी झडप बसवा, नाहीतर दाराशी पाणी येण्याआधी ते संडासातून वर येईल. जमिनीतली पाण्याची टाकी पुराच्या इशाऱ्यानंतर रिकामी ठेवू नका. दहा हजार लिटरच्या रिकाम्या टाकीला भिजलेल्या जमिनीत खालून दहा टनांहून जास्त उचल मिळते. टाकी तडकते किंवा वर येते. काठोकाठ भरा आणि झाकण गच्च बंद करा. खालच्या मजल्यावर प्लायवूड आणि पीओपी नको. आपल्याकडे पाणी तासाभरात ओसरत नाही, दिवसेंदिवस थांबतं.

विमा घ्या. एप्रिल २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर धरलेला आहे. बँकेने कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा बहुधा तुमच्या आयुष्याचा असतो, घराचा नसतो. कागद उघडून बघा.

तर घ्यावा का? जोत्याचा खर्च धरूनही परवडत असेल, लाल पातळी लेखी मिळाली असेल, आणि पुराच्या दिवसांत गावाबाहेर पडायचा रस्ता पाण्याखाली जात नसेल, तर घ्या. तिसरी अट लोक विसरतात. घर कोरडं राहिलं तरी आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला रस्ता लागतो. तीनपैकी एकही अट कच्ची असेल तर सोडून द्या. निळ्या रेषेच्या आतला मोकळा प्लॉट मात्र कोणत्याही भावाला नको. तिथे नवीन घराला परवानगीच नाही.

राहिलेल्या काही गोष्टी. वरचं सगळं नदीच्या पुराचं आहे. तुंबलेल्या गटारांचं आणि ओढ्यांचं गणित वेगळं. पूररेषा आखलेलीच नसेल तर नियमात नदीपासून १५ मीटर आणि नाल्यापासून ६ मीटर अंतर आहे, पण ते परवानगीपुरतं, तेवढ्याने घर सुरक्षित होत नाही. ही नियमावली मुंबईला लागू नाही. आणि रेषा जुन्या पाहणीवर असेल तर त्यानंतर झालेले पूल, रस्ते आणि भराव तिच्यात धरलेले नसतात, म्हणून ०.४५ हा किमान आकडा समजा. मी असतो तर पाऊण मीटर सोडलं असतं.

घेतलात तर ठेकेदाराच्या करारात "रस्त्यापासून इतके फूट" हे शब्द येऊ देऊ नका. "जोत्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५४७ पूर्णांक इतकी, अमुक बेंचमार्कवरून" असं लिहून घ्या, आणि प्लिंथ बीमचं, म्हणजे जोत्याच्या तुळईचं, काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी शटरिंगवर (साच्याच्या फळ्यांवर) लेव्हल लावून आलेल्या रीडिंगवर त्याची सही घ्या. तो म्हणेल, "एवढं कोण बघतं?" तरीही घ्या.