वीसचं नाणं दीडशेला?

अरे बाबू, अमृत महोत्सवाचं बोधचिन्ह असलेलं वीस रुपयांचं नाणं दीडशेला घेतलंस? जून 2022 मध्ये ती नाणी काढली तीच मुळी रोजच्या वापरासाठी. मीही सुरुवातीला असाच हात पोळून घेतलाय, म्हणून ओरडत नाही. रत्नागिरीत मासळी बाजारात सकाळी जा. कोळणीच्या डब्यातल्या ओल्या, खवले चिकटलेल्या चिल्लरीत कधीतरी मिळेलच, वीसालाच. घरी आणून साध्या पाण्यात बुडव, टिपून घे. घासलंस तर गेलंच. नेहमीच्या नाण्यावर सालाखाली भिंग धर, कुठल्या टांकसाळीत पाडलं ते कळतं: पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, टिंब नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकाता. आधी हे चारही जमव, तेही दर्शनी किमतीत. आणि हो, नाणी ठेवायला पीव्हीसीची, म्हणजे मऊ प्लास्टिकची पाकिटं नकोत, आपल्या दमट हवेत हिरवट चिकट डाग पडतात.