पुण्यातल्या दुकानाच्या फ्लेक्सवर दिवंगत अभिनेत्याचा फोटो लावायला घरच्यांची परवानगी लागते का?

कायद्याची थेट सक्ती नाही, तरी विचारल्याशिवाय लावू नका. गेलेला माणूस नकार देऊ शकत नाही आणि त्याच्या तोंडी आपल्या चिवड्याची शिफारस घालणं चूकच. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं, की प्रसिद्धीचा हक्क, म्हणजे आपलं नाव-चेहरा धंद्यासाठी कोणी वापरावा हे ठरवण्याचा हक्क, माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही. मात्र तो अंतरिम आदेश होता, तोही चित्रपटाबद्दल; मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. खरी अडचण फोटोची: कॉपीराइट छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो, म्हणून ज्याच्याकडे तो असेल त्याची लेखी परवानगी घ्याच. शिवाजी महाराज आणि महात्मा गांधींचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरायला तर १९५० च्या कायद्यानुसार केंद्र सरकारची परवानगी लागते.