कॉम्प्युटर घ्या, पण मार्चचा हप्ता भरू नका

सोलापूरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय २९, राहायला जुळे सोलापुरात, एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात. पगार २८,००० रुपये. रात्री स्टुडिओच्याच मशीनवर बाहेरची कामं करून महिन्याला सरासरी आठ हजार आणखी मिळतात. घरात आई, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. खर्च २४,००० च्या आसपास, बँकेत १,३०,००० रुपये. आता पार्ट्स आणून घरीच कॉम्प्युटर जुळवायचा आणि स्वतःचं काम वाढवायचं, असा बेत आहे. यादी ९५,००० पर्यंत गेली. ते लिहितात, "मार्चमध्ये पॉलिसीचा ६०,००० चा दुसरा हप्ता भरला की ७०,००० उरतात. त्यामुळे ३०,००० चं ग्राफिक्स कार्ड बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेतो. बजेट कमी पडलं तर प्रोसेसरवर तडजोड करू की कार्डवर?"

आधी यादीबद्दल. प्रोसेसर रायझन ५ ५६०० आणि मदरबोर्ड बी६५०, असं तुम्ही लिहिलं आहे. हा प्रोसेसर त्या बोर्डात बसणारच नाही. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. ५६०० एएम४ सॉकेटचा, बी६५० एएम५ चा. रॅमही तुम्ही डीडीआर४ धरली आहे आणि बी६५० ला फक्त डीडीआर५ चालते. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे स्टिक स्लॉटमध्ये जाणार नाही. सील फोडलेला पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणजे पैसे देण्याआधी कोणीतरी ही यादी बघितली, हे बरं झालं. आणखी एक गोष्ट: साध्या ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. कार्ड यायला पंधरा दिवस उशीर झाला, तर तितके दिवस मॉनिटर काळाच राहील.

तुमच्या कामासाठी मी इंटेल आय५-१२४०० सुचवेन. मागे 'एफ' अक्षर नसलेलाच घ्या. 'एफ' असेल तर आतलं ग्राफिक्स नसतं. लग्नाचं शूटिंग हल्ली बऱ्याच कॅमेऱ्यांवर १० बिट ४:२:२ एच.२६५ या जड फॉरमॅटमध्ये होतं आणि एडिटिंगची टाइमलाइन अडखळते ती याच फाइल्सवर. या प्रोसेसरमधला क्विक सिंक हा व्हिडिओसाठीचा खास भाग त्या फाइल्स हार्डवेअरवर उलगडतो. तुम्ही निवडलेलं आरटीएक्स ४०६० त्या फॉरमॅटचं हे काम करत नाही. वर्षभर हप्ते भरून घेतलेलं कार्ड तुमच्या नेमक्या अडचणीला उपयोगी पडणार नव्हतं. कलर ग्रेडिंग आणि इफेक्ट्सना कार्डाचा फायदा नक्की होतो, पण तो पहिल्या दिवशी लागत नाही.

सोबत डीडीआर४ चा बी७६० बोर्ड घ्या. त्याच नावाचे डीडीआर५ बोर्डही मिळतात, म्हणून खोक्यावर बघूनच उचला. रॅम ३२ जीबी, १६-१६ च्या दोन स्टिक. रॅमचे भाव सारखे बदलतात. बजेटबाहेर गेलं तर आज १६ वर भागवा, पण चार स्लॉटचा बोर्ड घ्या. साठवणीसाठी एनव्हीएमई एसएसडी एक टीबीची. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, घेऊ नका. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा, कार्यक्षमतेचा ८० प्लस ब्रॉन्झ शिक्का असलेला घ्या. पुढे ११५ वॅटचं ४०६० बसवलं तरी तो पुरेल. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, म्हणून पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. यूपीएस तुमच्या यादीत नाही, तो हवाच. रेंडर चालू असताना लाइट गेली तर रात्रीचं काम वाया जातं. खोलीतलं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या. "बिल नको असेल तर जीएसटी सोडतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, वॉरंटी बिलावरच मिळते.

हे सगळं ६५,००० च्या आत बसवा. जुन्या यादीतून कार्ड वजा केलं की तेवढेच उरतात.

नो-कॉस्ट ईएमआयचं थोडक्यात सांगतो. रोख घेतलं तर दुकानदार दीड हजार सोडेल, ईएमआयवर सोडणार नाही. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी, असे मिळून सहा-सातशे. म्हणजे दोन हजारांचा खर्च, ज्याला 'नो-कॉस्ट' म्हणतात. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ मध्येच सुनावलं होतं.

पण दोन हजारांनी कोणाचं घर बसत नाही. मला घोर लागला तो तुमच्या बेतातल्या शेवटच्या आकड्याने. हप्ता भरला, ६५,००० चे पार्ट्स आणले, की बँकेत पाच हजार उरतात. घरात आई आहे, दोन वर्षांचं मूल आहे आणि पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेखही नाही. लेकीला एकदा डेंग्यू झाला, तर हॉस्पिटलमध्ये ॲडव्हान्स भरण्यापुरतेही पैसे तुमच्याकडे नसतील.

आणि हे कशासाठी? पॉलिसीचे आकडे तुम्हीच दिले आहेत. वर्षाला ६०,०००, बारा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी "अंदाजे १३ लाख", विमा संरक्षण सहा लाख. ७ लाख २० हजार भरून वीस वर्षांनी १३ लाख, म्हणजे वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास परतावा. त्या १३ मधला बोनसचा भागही हमीचा नाही. "एफडीसारखं सेफ" असं सांगून ही पॉलिसी दिली गेली. एफडीवर याहून जास्त मिळतं आणि ती मोडताही येते. "टॅक्स वाचतो" असंही सांगितलं. तुमचं वर्षाचं उत्पन्न सव्वाचार-साडेचार लाख. त्यावर जुन्या पद्धतीतही कर शून्य आणि नव्या पद्धतीतही शून्य. जो कर लागतच नाही, तो वाचवायला तुम्ही साठ हजार भरताय. २९ वर्षांच्या, तीन माणसं पोसणाऱ्या माणसाला अशी पॉलिसी विकताना हे सांगायला हवं होतं. त्याचा मला राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

सहा लाखांच्या संरक्षणाने काय होईल तेही बघा. महिना २४,००० च्या हिशेबाने ते दोन वर्षांत संपेल. तेव्हा मुलगी बालवाडीत असेल.

"भरलेले साठ हजार बुडतील," ही तुमची भीती असणार. बरेचसे जातील. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर आणि त्या वर्षाचा हप्ता भरलेला असल्यावर काही सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मधेच सोडली तर परत येणारे पैसे, मिळते. तुमच्या बाबतीत दहा-पंधरा हजारांच्या वर धरू नका. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागा. वर्ष पूर्ण व्हायच्या आत अर्ज करू नका, हातात काही येणार नाही. पण गेलेले पैसे वाचवण्यासाठी अजून सहा लाख साठ हजार ओतायचे का, हा खरा प्रश्न आहे. पुढचे अकरा हप्ते पीपीएफमध्ये टाकले आणि दर आजचा ७.१ टक्केच राहिला, तर त्याच तारखेला साडेसतरा लाख होतात. तेही पहिले साठ हजार पूर्ण बुडाले असं धरून.

अर्थात सगळे साठ हजार पीपीएफला जाणार नाहीत. ५० लाखांचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, तुमच्या वयाला वर्षाला साधारण आठ हजारांत मिळावा. तिघांचा पाच लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे तिघांत मिळून एकच आरोग्य विमा, पंधरा हजारांच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून या दोन्हींवरचा जीएसटी गेला आहे. एकूण २३,०००. उरलेले ३७,००० दरवर्षी पीपीएफमध्ये गेले तर शेवटी अकरा लाखांच्या जवळपास. १३ ऐवजी ११, पण दोन्ही विम्यांचे हप्ते भराल तितकी सगळी वर्षं सहाऐवजी ५० लाखांचं संरक्षण आणि दवाखान्यासाठी पाच लाख. मला यात दुसरा विचार करण्यासारखं काही दिसत नाही. मात्र पहिली दोन वर्षं हे ३७,००० पीपीएफमध्ये टाकू नका, आरडीत ठेवा. पीपीएफची रक्कम मग अकरा लाखांहून कमी भरेल, हे धरून चला. आधी दीड लाखाची गंगाजळी हवी.

क्रम महत्त्वाचा आहे. टर्म पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी सोडू नका. मेडिकल वगैरेला दोन-तीन आठवडे जातात. वार्षिक हप्ता भरायला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, तेवढ्यात हे उरकतं. मग सरेंडरचा अर्ज. कॉम्प्युटर आणि दोन विमे मिळून ८८,००० गेले की बँकेत ४२,००० राहतात. सरेंडरचे आले की पन्नासच्या वर.

कमाईच्या अंदाजाबद्दलही बोलायला हवं. "महिन्याला पाच लग्नं, प्रत्येकी ५,०००, वर्षात तीन लाख" असं तुम्ही लिहिलंय. आषाढीला वारी पंढरपुरात पोचली की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळपास बंद, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. शिवाय आठ हजार महिना तुम्हाला आजही मिळतोच. कॉम्प्युटरमुळे जे वाढेल तेवढंच मोजायचं. आज वर्षाला एकोणीस-वीस कामं होतात. ती तीस झाली तर दीड लाख, म्हणजे ५४,००० जास्त. त्यातून एडिटिंग सॉफ्टवेअरचं सदस्यत्व, वीज आणि बॅकअपच्या हार्ड डिस्क यांचे २४,००० वजा करा. पहिल्या वर्षी वाढ ३०,००० ची. मशीनचे पैसे सुटायला दोन वर्षं लागतील.

तरीही घ्या, असंच मी म्हणेन. तुमचे वर्षाचे ९६,००० आज दुसऱ्याच्या मशीनवर आणि मालकाच्या मर्जीवर उभे आहेत. उद्या मालक "रात्री बसू नको" म्हणाले, तर ही कमाई बंद. स्वतःचं मशीन असणं हा त्यावरचा उपाय आहे. नोकरी मात्र दोन सीझन सोडू नका, आणि मालकांना ही गोष्ट दुसऱ्याकडून कळण्याआधी स्वतः सांगा. कार्ड बाहेरच्या कामाच्या पैशातून, रोखीने, पुढच्या वर्षी.

पॉलिसी बायकोच्या मामांनी दिली आहे आणि ते दुखावतील, असं तुम्ही लिहिलंय. दुखावतील कदाचित. त्यांच्याकडे जाताना जोडीने जा, वरचे आकडे कागदावर न्या आणि टर्म इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यायची तयारी दाखवा. ते तयार झाले तर नातंही राहील. "अजून तीन वर्षं तरी भर" म्हणाले, तर ऐकू नका.

आईंना शुगर आहे, असं पत्रात आहे. म्हणूनच फ्लोटर तिघांचाच धरला. त्यांना त्यात घेतलं तर हप्ता फार वाढेल. त्यांची पॉलिसी वेगळी काढावी लागेल आणि शुगरशी निगडित उपचारांना जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ असेल. तोवर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड काढून ठेवा. ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालयं असली, तरी हाताशी असावं. विम्याचा फॉर्म स्वतः भरा, शुगर किती वर्षांपासून आहे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते लिहा. एजंट "ते लिहू नका, हप्ता वाढतो" म्हणाला, तर त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नका. आईंचं वय आणि औषधांचा महिन्याचा खर्च मला कळवा, त्यावर वेगळं लिहितो.