हिरवी नऊवारी नेसलेलं दशावतारी पात्र सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर दाखवायचंय, कॉलेज प्रोजेक्टसाठी पडदा हिरवा की निळा?

निळा घ्या, क्रोमा की, म्हणजे पडद्याचा रंग काढून तिथे दुसरं चित्र बसवायची पद्धत, रंग बघून कापते, त्यामुळे हिरव्या पडद्यावर नऊवारीही गायब होईल आणि पात्राच्या अंगातून किल्ल्याचा तट दिसेल. एरवी हिरवाच बरा, कारण बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरव्याचे पिक्सेल निळ्याच्या दुप्पट असतात आणि चित्रात दाणे कमी येतात. म्हणून निळ्या पडद्यावर प्रकाश भरपूर आणि सगळीकडे सारखा हवा. पात्र पडद्यापासून निदान पाच-सहा फूट पुढे उभं करा, नाहीतर निळी झाक केसांच्या कडांवर चढते. थोडी राहिलीच तर डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत थ्रीडी कीयर या रंग कापणाऱ्या साधनाचं डिस्पिल, म्हणजे चढलेली झाक काढायची सोय, वापरा. चकचकीत मुकुटाला मात्र ते पुरत नाही: पडद्याचं प्रतिबिंब पडलं की तिथे भोकं पडतात, तेव्हा तो भाग मास्क करून, म्हणजे हाताने वेगळा आखून, वाचवा. आणि प्रकाशाची दिशा जुळवाच. मालवणच्या किनाऱ्यावरून किल्ला संध्याकाळी टिपलात तर सूर्य समुद्राकडे, म्हणजे पात्राच्या पाठीमागे असतो. मग खोलीतही एक पिवळसर दिवा मागून, खांद्यावर पडेल असा लावा.