पत्त्यांतून हिब्रू व्याकरण

प्रश्न: माझ्याकडे बायबलचं हिब्रू शिकायला मराठी विद्यार्थी येतात. भूतकाळाची नऊ रूपं घडाघडा म्हणतात, पण उताऱ्यात त्यातलंच एखादं आलं की अडतात. पत्त्यांचा एखादा डाव यासाठी बदलून घेता येईल का? – एक शिक्षिका, बिबवेवाडी, पुणे

उत्तर: बदामसात घ्या. नऊ रूपांच्या रांगेत ‘मी’चं रूप बरोबर मधोमध येतं, तेच आपलं सात. ‘लिहिणे’ या धातूची रांग अशी: काताव (तो), कात्वा (ती), काताव्ता (तू, पुरुष), काताव्त (तू, स्त्री), काताव्ती (मी), कात्वू (ते, त्या), क्ताव्तेम (तुम्ही, पुरुष), क्ताव्तेन (तुम्ही, स्त्रिया), काताव्नू (आम्ही). ‘गेलास’ आणि ‘गेलीस’ मराठीत रोज वेगळं म्हणणाऱ्याला ‘ता’ आणि ‘त’ जड जात नाही.

चार धातूंचे मिळून 36 पत्ते, चौघांना नऊ-नऊ. काताव्ती ज्याच्याकडे, तो उतारी करतो. बाकीचे धातूही ‘मी’च्या पत्त्यानेच उघडायचे, मग एका बाजूला ‘तो’पर्यंत, दुसऱ्या बाजूला ‘आम्ही’पर्यंत लावत जायचं. पत्ता टाकताना रूप वाचून मराठी अर्थ सांगायचा. चुकला तर पत्ता परत हातात.

धातू काताव (लिहिणे), शामार (राखणे), झाखार (आठवणे), लामाद (शिकणे) असे सरळ हवेत. बाना (बांधणे) घेतलात तर ‘मी’चं रूप बानीती होतं, नातान (देणे) घेतलात तर नातात्ती, आणि नवख्याचा रांगेवरचा विश्वासच उडतो.

पत्त्यावर एक ते नऊ आकडे घालू नका. आकडा दिसला की मुलं आकड्यावर खेळतात, प्रत्यय कुणी वाचत नाही. स्वरचिन्हं मात्र हवीतच, कारण त्यांच्याशिवाय काताव्ता आणि काताव्त एकसारखेच लिहिले जातात. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे प्रत्यय शब्दाच्या डाव्या टोकाला येतो, आणि पत्ते पंख्यासारखे धरले की नेमकी डावी कडच दिसते. म्हणून शब्द मधोमध न छापता वरच्या डाव्या कोपऱ्यात छापा. ए-फोर कागदावर 63 बाय 88 मिलिमीटरचे नऊ पत्ते बसतात, म्हणजे चार कागदांत काम होतं. 300 जीएसएमचा कार्डपेपर अप्पा बळवंत चौकात मिळेल. पातळ कागदातून अक्षरं मागे दिसतात.

अडचण येते ती ‘पास’ची. रूप ओळखू आलं नाही की मुलं पास म्हणून मोकळी होतात. डाव संपल्यावर सगळ्यांनी हात उघडे करावेत; लागणारा पत्ता असून कुणी पास म्हटलं असेल तर त्याच्या उरलेल्या पत्त्यांचे गुण दुप्पट.

प्रश्न: नामाचं लिंग मराठीवरून ठरवायची सवय कशी मोडावी? – एक वाचक, रास्ता पेठ, पुणे

उत्तर: गुलामचोर खेळा. तोव (चांगला), गादोल (मोठा), खाझाक (बळकट), खादाश (नवा) ही चार विशेषणं चारही रूपांत लिहा (तोव, तोवा, तोवीम, तोवोत याप्रमाणे): 16 पत्ते. दोन लिंगं आणि दोन वचनं यांच्या प्रत्येक जोडीची चार, अशी 16 नामं घ्या. मग एक विशेषण न बघता बाजूला काढा. 31 पत्ते वाटायचे, नाम आणि विशेषण जुळलं की जोडी खाली टाकायची. शेवटी उरलेलं नाम ज्याच्या हातात, तो चोर.

नामं मुद्दाम फसवी निवडा. आपली रात्र स्त्रीलिंगी, पण ‘लायला’ पुल्लिंगी, म्हणून लायला तोव. आपला हात पुल्लिंगी, पण याद खाझाका. शहरं म्हणजे आरीम. शेवटी एरवी पुल्लिंगी अनेकवचनाचं ‘ईम’ असूनही स्त्रीलिंगी, म्हणून आरीम ग्दोलोत. उलट आवोत (वाडवडील) शेवटी ‘ओत’ असूनही पुल्लिंगी, आवोत तोवीम. चुकीची जोडी पडली की बहुतेकदा शेवटी एकाऐवजी तीन पत्ते उरतात, तेव्हा खालच्या जोड्या तपासायला लावा. पण एकच उरला तरी उत्तरांच्या कागदाशी ताळा करा. एखादी चूक अशीही लपते.

प्रश्न: बिन्यानांसाठी (एका धातूपासून वेगवेगळ्या अर्थांची क्रियापदं घडवायच्या साच्यांसाठी) रमी चालेल का?

उत्तर: चालेल, पण वरचे दोन डाव अंगवळणी पडल्यावर. एका धातूची तीन बिन्यानांतली रूपं मिळून एक सेट, जसं निक्दाश, किदेश, हिक्दीश. प्रत्येक धातू सातही बिन्यानांत येत नाही. सेट भरावा म्हणून शब्दकोशात नसलेलं रूप स्वतः घडवून पत्त्यावर लिहू नका, मुलं तेच पाठ करतात.