आमचा दीड वर्षाचा लॅब्राडोर सकाळपासून तीनदा उलटी करतोय. पिवळा फेस येतोय, नुसता कोपऱ्यात पडून आहे. घरच्या घरी काय औषध देऊ?

पिवळा फेस म्हणजे पित्त. रात्री लवकर जेवलेला कुत्रा पहाटे रिकाम्या पोटी कधीकधी असा फेस टाकतो आणि लगेच शेपटी हलवत भांड्यापाशी येतो. तेवढंच असतं तर मी म्हटलं असतं, झोपताना थोडं खायला घाला. पण तीन उलट्या आणि वर मलूल, म्हणजे आज संध्याकाळच्या आत डॉक्टरांकडे न्याच.

आमच्या मोतीच्या वेळी आम्ही दोन दिवस घालवले. मे महिना, घरात आंब्याची पेटी. पहिल्या दिवशी खाल्लेलं बाहेर पडलं, दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा पोटात टिकेना. त्याला शी झाली नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सोनोग्राफीत कळलं, आतड्यात कोय अडकली होती. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये दाखवली, काळी-हिरवी पडलेली, एका टोकाला धागे तसेच. मोती वाचला, पण ते दोन दिवस मला अजून खुपतात. लॅब्राडोर तर मोजाही गिळतो, म्हणून घरातलं काय नाहीसं झालंय ते आधी शोधा.

तोवर खायला काही देऊ नका. पाणी दोन-चार चमचे, थोड्या थोड्या वेळाने. तेही उलटून पडलं तर संध्याकाळची वाट बघू नका. ओठ वर करून हिरडी पाहा: गुलाबी, ओलसर हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांत जायला हवा. हिरडी चिकट, कोरडी किंवा फिकट असेल तरी लगेच निघा.

माणसांची गोळी मात्र अजिबात नको. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, किडनीही निकामी होऊ शकते. उलटी थांबवायची गोळीही मनाने देऊ नका, आत काही अडकलं असेल तर ते झाकलं जातं.

पोट फुगलंय आणि नुसते उमासे येतायत, बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा रात्री दोन वाजलेले असले तरी उठून न्या. उलटीत रक्त दिसलं, मनुका, द्राक्षं किंवा उंदराचं औषध खाल्ल्याची शंका आली, तरी तसंच. लस न झालेलं पिल्लू असतं तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूच्या आजाराच्या भीतीने मी एका उलटीवरही थांबलो नसतो.

निघताना उलटीचा फोटो काढा, किती वाजता झाली ते लिहून घ्या. शेवटची शी कधी झाली, तेही.